मोडण्यासाठी बांधलेली प्रयोगशाळा

कल्पना करा, बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस आहे. बाहेरून आलेले परीक्षक जेवणाच्या सुट्टीत गुपचूप प्रयोगशाळेत शिरले. त्यांनी एका मीटरची तार आतून सैल केली, एका बॅटरीची टोके उलटी जोडली, एका रोधाच्या जागी दुसराच रोध बसवला. सुट्टीनंतर मुलांना सांगितले, "सकाळी तुम्हीच जोडलेली मंडले आता बंद पडली आहेत. काय बिघडले ते शोधा आणि चालू करून दाखवा. गुण त्यालाच." दुसऱ्या दिवशी शाळेवर पालकांचा मोर्चा आला असता! आपल्याकडे दोलकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ यायला हवे हे मुलांना आधीच ठाऊक असते, आणि वहीतली निरीक्षणे त्या उत्तराला शोभतील अशी मागाहून भरली जातात. आम्हीही तशी भरली आहेत. शिक्षक वाचकांपैकी किती जणांनी भरली, हे विचारत नाही.

मात्र जवळजवळ अशीच परीक्षा १९९३ सालापासून अमेरिकेत खरोखर घेतली जाऊ लागली. ती शाळेची नव्हती. संगणकांची जाळी बांधणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांची होती. तिच्या धाकाने पुढच्या काळात जगभर कितीतरी घरांच्या माळ्यांवर, तळघरांत आणि पलंगाखाली छोट्या छोट्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्यांचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाही. तो शिक्षकांच्या कामाचा आहे असे आम्हाला वाटते, म्हणून हा लेख.

क्रमांक १०२४

राउटर बनवणाऱ्या सिस्को या कंपनीने १९९३ साली 'सिस्को सर्टिफाइड इंटरनेटवर्क एक्स्पर्ट', म्हणजे सी.सी.आय.ई., या नावाची परीक्षा सुरू केली. उत्तीर्ण होणाऱ्याला एक क्रमांक मिळे. क्रमांकांची सुरुवात १ पासून न करता १०२४ पासून केली गेली. संगणकवाल्यांना २ च्या घातांचे वेड. २ चा दहावा घात त्यांना आपल्या शंभरासारखा वाटतो. गंमत पुढेच आहे. १०२४ हा पहिला क्रमांक कोणा माणसाला दिलाच नाही, तो परीक्षेच्या प्रयोगशाळेला दिला! १०२५ क्रमांक परीक्षा रचणाऱ्या स्टुअर्ट बिग्ज यांना मिळाला. रीतसर परीक्षेला बसून उत्तीर्ण होणारे पहिले गृहस्थ टेरी स्लॅटरी, त्यांचा क्रमांक १०२६. सिस्कोच्या राउटरला आज्ञा देण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिची आज्ञावली लिहिण्यातही याच स्लॅटरींचा हात होता. म्हणजे पहिला परीक्षार्थी तसा घरचाच म्हणायचा.

परीक्षा दोन दिवस चाले. पहिला सबंध दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ दिलेल्या आराखड्याप्रमाणे जाळे उभे करण्यात जाई. तोवर पुरेसे गुण झाले नसतील तर उमेदवाराला तेथूनच निरोप मिळे. झाले असतील तर तो जेवायला जाई, आणि तो जेवत असताना परीक्षक त्याच्या जाळ्यात बिघाड पेरून ठेवत. कुठे केबल बदललेली, कुठे पत्त्यातला एक आकडा फिरवलेला, कुठे एखादी आज्ञा हळूच पुसलेली. दुपारचे सारे तास हे बिघाड शोधण्यात जात.

असली निर्दय परीक्षा काढावी असे कोणाला का वाटले? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

राउटर म्हणजे दोन किंवा अधिक जाळ्यांच्या नाक्यावर बसलेला संगणक. आलेल्या प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता वाचायचा आणि ते कोणत्या वाटेने पुढे धाडायचे ते ठरवायचे, एवढेच त्याचे काम; टपालाची वर्गवारी करणाऱ्या कारकुनासारखे. पण १९८० च्या दशकात प्रत्येक संगणक कंपनीचे टपालखाते वेगळे होते. डिजिटल कंपनीचे डेकनेट, अ‍ॅपलचे अ‍ॅपलटॉक, नोव्हेलचे आय.पी.एक्स., शिवाय आज सर्वत्र दिसणारे आय.पी. पत्ते लिहिण्याची प्रत्येकाची रीत निराळी. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८० च्या सुमारास विल्यम येगर यांनी अशा अनेक भाषा समजणाऱ्या राउटरची आज्ञावली लिहायला घेतली. तिच्या आधारावर लेन बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने डिसेंबर १९८४ मध्ये सिस्को कंपनी काढली. एकमेकांना इ-पत्रे पाठवता यावीत म्हणून या नवराबायकोने राउटर शोधला अशी गोड कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. वाचकांनी ती गोड म्हणून वाचावी, इतिहास म्हणून नव्हे. येगर आणि विद्यापीठातल्या इतरांचे श्रम त्या कथेत बसत नाहीत.

राउटर भराभर खपले, पण ते चालवणारी माणसे कुठून आणायची? महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात हा विषय नीट आलेलाच नव्हता. मग कंपन्यांनीच परीक्षा घ्यायला सुरुवात केली. नोव्हेलने १९८० च्या दशकाच्या अखेरीस, मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये. या परीक्षा बहुतांशी पर्यायी उत्तरांच्या. लवकरच त्यांचे अपेक्षित प्रश्नसंच निघाले, परीक्षेतून बाहेर पडलेले लोक आठवतील ते प्रश्न लिहून वाटू लागले, आणि ज्याने जाळ्याची केबल हातात धरलेली नाही असा प्रमाणित तंत्रज्ञ तयार होऊ लागला. अमेरिकेत अशांना 'पेपर इंजिनिअर' म्हणत. हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पेरलेल्या बिघाडांची परीक्षा हे त्यावरचे उत्तर होते. बिघाड पाठ करता येत नाही.

सराव कुठे करायचा?

अशा परीक्षेची तयारी कशी करायची, हा मोठाच पेच होता. चालू जाळ्यावर सराव करता येत नाही. बँकेच्या राउटरवर "ही आज्ञा दिली तर काय होईल बरे?" असे म्हणून पाहण्याची परवानगी कोणीही देणार नाही, देऊही नये. नव्या राउटरची किंमत काही हजार डॉलर, आणि परीक्षेची तयारी एका राउटरवर होत नाही. निदान पाच-सहा लागतात. परीक्षेचे शुल्कच मुळी हजार डॉलरच्या घरात. त्यामुळे पहिली काही वर्षे ही परीक्षा मोठ्या कंपन्यांतल्या नोकरदारांचीच राहिली, कारण त्यांच्या कार्यालयात जादा यंत्रे पडून असत. १९९८ मध्ये सिस्कोने सी.सी.एन.ए. ही प्राथमिक परीक्षा सुरू केली आणि उमेदवारांची संख्या फुगली. यंत्रे मात्र होती तेवढीच महाग होती.

हा पेच सुटला तो शेअर बाजार कोसळल्यामुळे. मार्च २००० मध्ये सिस्को काही दिवस बाजारमूल्याने जगातली सर्वांत मोठी कंपनी होती. त्याच महिन्यात इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटायला लागला. पुढच्या वर्षी, मे २००१ मध्ये, सिस्कोने गोदामात पडून राहिलेल्या मालापोटी सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. बुडालेल्या कंपन्यांची राउटर-स्विच लिलावात निघाली आणि ई-बे सारख्या ठिकाणी मोडीच्या भावात विकली जाऊ लागली. ज्यांच्या नोकऱ्या त्या लाटेत गेल्या, त्यांच्यापैकीच काही जण हे राउटर विकत घेऊन रात्री अभ्यासाला बसले.

या घरगुती प्रयोगशाळांचा बैल म्हणजे २५०० मालिकेचा राउटर. आत मोटोरोलाचा ६८०३० प्रोसेसर, वेग २० मेगाहर्ट्झ, स्मृती जास्तीत जास्त १६ मेगाबाइटच्या आसपास. आजच्या साध्या फोनच्या तुलनेत खेळणेच, पण त्याच्यावर चालणारी आज्ञावली मोठ्या राउटरवर चालणाऱ्या आज्ञावलीची सख्खी बहीण होती. लोखंडी डबा, पंख्याची घरघर. अशी पाच-सहा यंत्रे झोपण्याच्या खोलीत रचून ठेवली तर घरातली इतर माणसे काय म्हणत असतील याचा अंदाज करता येतो.

या डब्यांनी काय शिकवले ते तपशिलात पाहण्यासारखे आहे.

पहिला धडा यंत्र दारात आल्याबरोबर सुरू होई. जुन्या मालकाने घातलेला सांकेतिक शब्द तसाच असे, त्यामुळे राउटर आत येऊ देत नसे. त्यावर उपाय असा: यंत्र चालू करायचे आणि पहिल्या मिनिटात कळफलकावरची 'ब्रेक' कळ दाबून ते अर्धवट जागे ठेवायचे. राउटरमध्ये एक सोळा बिटांचा नोंदक असतो. नेहमी त्यात षोडशमान पद्धतीतला २१०२ हा आकडा असतो. तो २१४२ करायचा. यंत्र पुन्हा सुरू झाले की साठवलेली मांडणी न वाचता कोरेच उठते, आणि सांकेतिक शब्द विचारला जात नाही. षोडशमान अंक शिकवताना "याचा उपयोग काय?" असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण जरूर द्यावे. दोन आकड्यांतला फरक षोडशमान ४०, म्हणजे आपल्या पद्धतीत ६४, म्हणजे २ चा सहावा घात. सोळांपैकी एकच बिट बदलला आणि कुलूप उघडले! यातून दुसरीही गोष्ट विद्यार्थ्याच्या ध्यानात येई. ज्याचा हात यंत्रापर्यंत पोचतो त्याच्यापुढे सांकेतिक शब्दाची मातब्बरी नाही, म्हणून यंत्राची खोली कुलपात हवी.

दुसरा धडा घड्याळाचा. दोन राउटर लांबच्या तारेने जोडायचे तर प्रत्यक्षात मध्ये टेलिफोन कंपनी असते, आणि बिट कोणत्या ठोक्याला वाचायचा ते ठरवणारे स्पंद तिच्याकडून येतात. घरात टेलिफोन कंपनी कुठली? म्हणून दोन राउटरपैकी एकाला तिची भूमिका करावी लागे. खास केबलच्या एका टोकाला हे काम येई. त्या टोकाच्या राउटरला 'क्लॉक रेट ६४०००' ही आज्ञा दिली नाही तर पडद्यावर एक चमत्कारिक ओळ उमटे: तार चालू आहे, पण तारेवरचा संवाद बंद आहे. नवशिके या ओळीपाशी रात्र रात्र अडत. तार जोडलेली असणे आणि संवाद होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने असे भोगले त्याला पुस्तकातली जाळ्याच्या थरांची आकृती वेगळी पाठ करावी लागली नाही.

आणि पत्ते कोणते द्यायचे? खरे आय.पी. पत्ते मागून घ्यावे लागतात. पण फेब्रुवारी १९९६ मधल्या आर.एफ.सी. १९१८ या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन पट्टे कोणीही आपापल्या चार भिंतींच्या आत वापरावेत म्हणून मोकळे ठेवले आहेत. दहाने सुरू होणारे सगळे पत्ते त्यातले. घरोघरच्या वाय-फायचे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्तेही त्यातलेच. कार्यालयांच्या सोयीसाठी काढलेला हा नियम घरच्या प्रयोगशाळांना आयताच लाभला.

आता एक प्रयोग. दोन स्विच घ्या आणि ते एका केबलने जोडा. सारे ठीक चालते. दुसरी केबलही जोडा. दोन केबलांमुळे वर्तुळ तयार होते. आय.पी. पॅकेटवर 'आणखी किती नाक्यांनी मरायचे' याचा आकडा लिहिलेला असतो. इथरनेटच्या चौकटीवर असा आकडा नाही. ती मरत नाही. सर्वांना उद्देशून सोडलेली एक चौकट वर्तुळात फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती निघतात, आणि काही क्षणांत साऱ्या केबली तिनेच भरून जातात. हे घडू नये म्हणून रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये 'स्पॅनिंग ट्री' ही युक्ती काढली. स्विच आपापसांत निरोप पाठवून वर्तुळातली एक वाट स्वतःहून बंद ठेवतात. घरच्या प्रयोगशाळेत ही युक्ती मुद्दाम बंद करता येते. केली की स्विचवरचे सारे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागतात आणि जोडलेला संगणक गोठतो. एक केबल उपटली की सारे शांत. हा प्रयोग ज्याने डोळ्यांनी पाहिला आहे त्याला ते दिवे जन्मात विसरत नाहीत.

दिवे ओळखता येण्याचे मोल किती? १३ नोव्हेंबर २००२ रोजी बोस्टनच्या बेथ इस्राएल डिकनेस या रुग्णालयाचे जाळे कोसळले. वर्षानुवर्षे तुकड्याला तुकडा जोडत ते वाढले होते, आणि स्पॅनिंग ट्रीच्या मानकात गृहीत धरलेल्या सात टप्प्यांच्या मर्यादेपलीकडे गेले होते. एका संशोधकाच्या आज्ञावलीने माहितीचा लोंढा सोडला आणि सारा डोलारा हलला. सुमारे चार दिवस रुग्णालय कागदावर चालले. रक्ततपासणीचे निकाल माणसे हातात घेऊन धावत होती. रुग्णालयाच्या संगणक विभागाचे प्रमुख जॉन हलाम्का यांनी घडले ते सर्व उघडपणे सांगितले, त्यामुळेच आज ते आपल्याला माहीत आहे. अशी लपवाछपवी न करणारी माणसे थोडी.

परीक्षा बदलली

इकडे परीक्षेचे काय झाले? उमेदवारांची रांग वाढत गेली, दोन दिवसांची परीक्षा परवडेना. ऑक्टोबर २००१ पासून सी.सी.आय.ई. एका दिवसाची झाली, आणि जेवणाच्या सुट्टीत बिघाड पेरणारा तो परीक्षक त्यात बसला नाही. बिघाड शोधण्याचा स्वतंत्र भाग वगळण्यात आला. जाळे बांधताना चुका होतातच आणि त्या शोधाव्याच लागतात, हे समर्थन अगदीच चुकीचे नव्हते. पण स्वतःची चूक शोधणे आणि दुसऱ्याने केलेली चूक शोधणे यांत फरक आहे. स्वतःची वही तपासणे आणि वर्गाच्या वह्या तपासणे यांतला फरक शिक्षक जाणतात. आमच्या मते त्या परीक्षेचा जीव त्या दुपारच्या तासांतच होता. कंपनीलाही काहीसे तसेच वाटले असावे, कारण २००९ मध्ये दोन तासांचा बिघाडशोध पुन्हा आणला गेला. मधल्या आठ वर्षांत ज्यांनी घरी तयारी केली त्यांनी साहजिकच नेमून दिलेली जाळी भराभर बांधण्याचा सराव केला, मोडण्याचा नव्हे. परीक्षेत जे विचारत नाहीत ते घरच्या प्रयोगशाळेतूनही हळूहळू नाहीसे होते.

डब्यावाचून राउटर

आपल्याकडे या क्षेत्राची सुरुवात तशी लवकर झाली. शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणारे 'अर्नेट' १९८६ मध्ये सुरू झाले, आणि मुंबईत जुहूची एन.सी.एस.टी. ही संस्था त्याच्या मुख्य केंद्रांपैकी एक होती. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढच्या दहा वर्षांत गावोगावी 'हार्डवेअर अँड नेटवर्किंग' अशा पाट्या लागल्या. पण डॉलरमधला जुना राउटर, त्यावर वाहतूक आणि जकात, हे गणित इथल्या विद्यार्थ्याला जमणारे नव्हते. पुष्कळांनी राउटर पाहिला तो पुस्तकातल्या चित्रात.

शाळांसाठीचा एक मार्ग सिस्कोतच निघाला होता. जॉर्ज वॉर्ड हे अभियंते शाळांची जाळी उभारून देत. जाळी चालवायला शाळेत माणूसच नसतो, असे त्यांना आढळले. त्यांनी शिक्षकांना आणि खुद्द विद्यार्थ्यांनाच ते काम शिकवले. त्यातून १९९७ मध्ये 'नेटवर्किंग अकॅडमी' हा उपक्रम उभा राहिला. त्यासाठी डेनिस फ्रेझो आणि सहकाऱ्यांनी 'पॅकेट ट्रेसर' ही आज्ञावली तयार केली. तिच्यात पडद्यावर राउटर मांडता येतात आणि एकेक पॅकेट थांबवून आत काय लिहिले आहे ते पाहता येते. वर्गात दाखवण्यासाठी याहून चांगले साधन आमच्या पाहण्यात नाही.

पण पॅकेट ट्रेसर हे नाटक आहे. राउटर अमुक आज्ञेला तमुक उत्तर देतो हे लिहिणाऱ्याला माहीत होते, तेवढेच त्यात घातलेले. लेखकाला न सुचलेला बिघाड तिथे घडू शकत नाही.

ऑगस्ट २००५ मध्ये फ्रान्समधल्या काँपिएन येथील तंत्रज्ञान विद्यापीठातल्या ख्रिस्तोफ फियो यांनी 'डायनामिप्स' नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. त्यांनी वेगळीच वाट धरली. राउटरच्या वागण्याची नक्कल न करता त्यांनी राउटरच्या आतल्या मिप्स प्रोसेसरची नक्कल केली. त्या नकली प्रोसेसरवर मग सिस्कोची अस्सल आज्ञावली चालू लागली, तिच्या सगळ्या गुणदोषांसकट! सिस्कोच्या ७२०० मालिकेचा, मोठ्या कंपन्यांत असणारा राउटर, घरच्या संगणकाच्या एका खिडकीत उघडला.

अडचण एकच होती. राउटर काही काम नसले तरी स्वस्थ बसत नाही. "काही आले का, काही आले का" असे विचारत एकाच चक्रात फिरत राहतो. नकली प्रोसेसरला हे रिकामे फिरणे आणि खरे काम यांतला फरक कळेना, त्यामुळे एक राउटर चालू केला की घरचा संगणक पूर्ण वेगाने धापा टाकू लागे. उपाय असा काढला की, आज्ञावली त्या रिकाम्या चक्रात असताना प्रोसेसर कोणत्या पत्त्यावर येतो तो पत्ता हुडकायचा, आणि तिथे आला की नकली प्रोसेसरला क्षणभर झोपवायचे. या एका आकड्यामुळे एका संगणकावर दहा-दहा राउटर मावू लागले. पुढे जेरेमी ग्रॉसमन यांच्या 'जी.एन.एस. थ्री' ने त्यावर चित्रमय पडदा चढवला, आणि ज्याच्याकडे संगणक आहे त्याच्याकडे प्रयोगशाळा आहे अशी स्थिती आली. पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांतल्या मुलांना खरा लाभ झाला तो इथे.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. सिस्कोची आज्ञावली सिस्कोच्या मालकीची, आणि राउटर विकत न घेतलेल्याला ती वापरण्याचा हक्क नव्हता. बहुतेक विद्यार्थी ती कुठून तरी मिळवत आणि त्याबद्दल बोलणे टाळत. कंपनीने स्वतः असे साधन वार्षिक शुल्क घेऊन व्यक्तींना द्यायला सुरुवात केली ती २०१४ च्या अखेरीस. दुसरी गोष्ट, पडद्यावरची केबल कधी सैल होत नाही, तिचे टोक उलटे लागत नाही, 'क्लॉक रेट' विसरला म्हणून तिथे काही अडत नाही. डबे गेले तेव्हा बिघाडांचा एक अख्खा वर्गही त्यांच्याबरोबर गेला.

त्याच्या बदल्यात जे मिळाले तेही लहान नाही, आणि ते पाहण्यासाठी शेवटी एक प्रयोग सुचवतो. त्याला पैसेही लागत नाहीत, मालकीचा प्रश्नही येत नाही. लिनक्स असलेला एखादा जुना संगणक आणि २०१७ मध्ये सुरू झालेली 'एफ.आर. राउटिंग' ही मुक्त आज्ञावली पुरते.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान सरकारच्या आदेशावरून तिथल्या टेलिकॉम कंपनीने यू-ट्यूब देशात बंद करायचे ठरवले. यू-ट्यूबचे पत्ते २०८.६५.१५२.० पासूनच्या १०२४ पत्त्यांच्या गटात होते. पाकिस्तानी कंपनीने त्यातल्या २५६ पत्त्यांच्या एका तुकड्यासाठी "या पत्त्यांची वाट माझ्याकडे" अशी द्वाही आपल्या जाळ्यात फिरवली, म्हणजे तिकडे जाणारी पॅकेटे आपल्याकडेच येऊन नष्ट व्हावीत. चुकून ही द्वाही देशाबाहेर निसटली. हाँगकाँगच्या कंपनीने ती न तपासता पुढे दिली, आणि जगभरच्या राउटरांनी ती खरी मानली. कारण राउटरचा नियमच तसा आहे: दोन वाटा जुळत असतील तर अधिक नेमका, म्हणजे लहान गटाचा पत्ता सांगणारी वाट धरावी. 'महाराष्ट्र' लिहिलेल्या पेटीपेक्षा 'सातारा' लिहिलेली पेटी कारकून आधी निवडतो, तसेच. सुमारे सव्वादोन तास जगातल्या मोठ्या भागाला यू-ट्यूब दिसेनासे झाले.

हा प्रसंग तीन राउटरांत उभा करता येतो. अ, ब आणि मधला क. खासगी वापरासाठी राखलेले ६४५१२ पासूनचे जाळे-क्रमांक त्यांना द्या. अ ने १०.६५.१५२.० पासूनचे १०२४ पत्ते जाहीर करावेत. क वरून पॅकेट सोडा. ते अ कडे जाते. आता ब ने १०.६५.१५३.० पासूनचे फक्त २५६ जाहीर करावेत. क ची पॅकेटे ताबडतोब ब कडे वळतात. अ ला याची काही खबरही नसते. मग अ च्या बाजूच्या मुलांना सांगा, वाट परत मिळवा. ते तेच २५६ पत्ते जाहीर करतील. बरोबरी होईल, आणि क बहुधा आधीच्याच वाटेला चिकटून राहील. थोड्या वेळाने कोणाला तरी सुचेल की त्या २५६ चे १२८-१२८ असे दोन तुकडे करून जाहीर करावे. यू-ट्यूबच्या अभियंत्यांनी त्या संध्याकाळी नेमके हेच दोन्ही केले होते, याच क्रमाने. त्यांना दुसरी युक्ती अमलात आणायला पहिलीनंतर अकरा मिनिटे लागली.

प्रयोग लावताना एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवतो. सारे बरोबर लिहूनही तीन राउटर एकमेकांच्या वाटा घेणारच नाहीत, आणि पडद्यावर नुसता 'पॉलिसी' एवढा शब्द दिसेल. असल्या अपघातांनी पोळल्यावर २०१७ मध्ये आर.एफ.सी. ८२१२ हे मानक झाले: कोणत्या वाटा घ्यायच्या आणि द्यायच्या याचे नियम लिहिल्याखेरीज राउटरने परक्या शेजाऱ्याकडून काही घेऊ नये, त्याला काही देऊही नये. एफ.आर. राउटिंगच्या अलीकडच्या आवृत्त्या ते आपणहून पाळतात. २००८ ची ती संध्याकाळ वर्गात उभी करायची असेल, तर 'नो बी.जी.पी. ईबीजीपी-रिक्वायर्स-पॉलिसी' ही आज्ञा देऊन ते आधी बंद करावे लागेल.